विहिरीचा गारवा आणि विजेचे बिल

पौषातल्या पहाटे प्रवराकाठच्या एखाद्या खोल विहिरीवर गेले, तर पाण्यावर वाफ तरंगताना दिसते आणि बादलीत हात घातला की पाणी कोमट लागते. त्याच विहिरीचे पाणी वैशाखाच्या भर दुपारी अंगावर घेतले तर शहारा येतो. कोल्हारच्या शेतकऱ्याला यात नवल वाटत नाही. विहीर हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात गार असते, एवढे त्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. वास्तविक विहिरीच्या तळाशी फारसे काही बदललेले नसते. बदललेली असते ती वरची हवा. जमिनीखाली आठ-दहा मीटर उतरले की ऋतूंचा अंमल जवळजवळ संपतो, आणि तेथील तपमान त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास बारा महिने स्थिर राहते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात ही पातळी साधारणपणे पंचवीस ते सत्तावीस अंश सेल्सिअसच्या दरम्यान धरावयास हरकत नाही. मे महिन्यात बाहेर एक्केचाळीस-बेचाळीस अंशांचा वणवा पेटलेला असताना पायाखाली अवघ्या तीस फुटांवर सव्वीस अंशांचा गारवा स्वस्थ पडून असतो.

या गारव्याचा उपयोग घर थंड करण्यासाठी होऊ शकेल काय, हा प्रश्न आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. केंद्र शासनाच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये जे राष्ट्रीय भू-औष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले, त्यात जमिनीशी जोडलेल्या उष्णता-पंपांचाही अंतर्भाव आहे. भू-औष्णिक म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे वज्रेश्वरी-गणेशपुरीची, तुरळ-राजवाडीची किंवा जळगाव जिल्ह्यातील उनपदेवची गरम पाण्याची कुंडे उभी राहतात. फार तर लडाखमधील पुगा खोरे आठवते. कोल्हारला असे कुंड नाही आणि त्याची गरजही नाही. उष्णता-पंपाला कढत पाणी लागत नाही. त्याला हवी असते ती फक्त तपमान न बदलणारी जमीन, आणि ती जशी लोणीत आहे तशीच लंडनमध्येही आहे.

हा पंप करतो तरी काय? घरातला फ्रीज पाहावा. आतली भाजी गार होते आणि मागची जाळी तापते. फ्रीज थंडी निर्माण करीत नाही; आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. खोली थंड करणारे यंत्र हेच काम मोठ्या प्रमाणावर करते. येथे कोल्हारच्या वाचकाला अधिक उपमा देण्याचे कारण नाही, कारण विहिरीवरच्या मोटारीचा हिशेब त्याच्या बोटांवर असतो. तीस फुटांवरचे पाणी उपसावयास जेवढी वीज लागते, तिच्या कितीतरी पट वीज दोनशे फुटांवरच्या पाण्याला लागते. उष्णतेचेही तसेच आहे. तपमानातील फरक म्हणजे उष्णतेच्या उपशाची उंची. नेहमीचा एअर कंडिशनर खोलीतली उष्णता बेचाळीस अंशांच्या रणरणत्या हवेत फेकतो, म्हणजे उंच चढावर पाणी चढवतो. आणि ज्या दिवशी त्याची सर्वांत अधिक गरज असते नेमका त्याच दिवशी हा चढ सर्वांत उंच असतो. तीच उष्णता नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याच्या द्वारे सव्वीस अंशांच्या जमिनीत सोडली तर चढ निम्म्याहूनही कमी होतो. हिवाळ्यात हेच यंत्र उलटे चालवले की जमिनीतली ऊब घरात येते. एक युनिट वीज खर्चून चार युनिटांइतकी उष्णता हलवता येते असे जे सांगतात, त्यात जादू नाही. उष्णता आधीच तेथे असते, वीज फक्त हमालीची.

कल्पना जुनी आहे. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये अशा यंत्राचे तत्त्व मांडले, आणि जमिनीतून उष्णता घेण्याचे पेटंट हाइनरिक झोली या स्विस अभियंत्याने १९१२ मध्ये मिळवले. परंतु पेटंटाने घरे ऊबदार होत नाहीत; त्यासाठी अर्थकारणाचा रेटा लागतो. तो १९७३ व १९७९ च्या तेलसंकटांनी दिला. घरे तापवण्यासाठी तेल जाळणाऱ्या स्वीडनने जमिनीकडे मोर्चा वळवला, आणि आज एक कोटीच्या आसपास लोकवस्तीच्या त्या देशात असे पाच लाखांहून अधिक पंप आहेत. तेथे ही गोष्ट का फळाला आली, हे नीट पाहिल्याखेरीज कोल्हारात ती का अडते हे कळणार नाही.

स्वीडनमध्ये घर तापवण्याची गरज वर्षातून सहा-आठ महिने असते. म्हणजे एकदा पैसे घालून पाडलेले भोक वर्षाचा बहुतेक काळ कामात राहते. साखरपट्ट्यातल्या कोणत्याही कारकुनाला ठाऊक असते, की कारखान्याचे यंत्र कितीही उत्तम असले तरी गाळपाचे दिवस कमी पडले की ताळेबंद बिघडतो. यंत्रावरचे व्याज हंगामाची लांबी पाहून थांबत नाही. जमिनीतल्या भोकाचेही तेच. स्वीडनचे गाळप लांब आहे. कोल्हारचे मार्चअखेर सुरू होऊन मृगाच्या सरींबरोबर संपते. फार तर शंभर दिवस.

दुसरे असे, की थंड देशात हिवाळ्यात जमिनीतून जी उष्णता काढली जाते, ती उन्हाळ्यात भरून निघते. खात्यात जमा आणि खर्च यांचा मेळ बसतो. कोल्हारात घर तापवण्याची गरज नाही म्हटले तरी चालेल. डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो खरा, पण त्याला एक गोधडी पुरते. तेव्हा येथे जमिनीच्या खात्यात उष्णता नुसती जमा होत राहणार. भोके कमी आणि वापर अधिक असला तर काही वर्षांनी भोवतालची जमीनच तापेल, आणि ज्या गारव्यासाठी एवढा खटाटोप केला तो हळूहळू आटेल. भूजल जसे बेसुमार उपशाने आटते तसाच हा गारवाही आटतो, एवढे ध्यानी ठेवले पाहिजे. सुदैवाने येथे पाणी वाचवण्याइतके ते कठीण नाही. त्यावरचा उपाय पुढे येईलच.

जमिनीच्या जातीचाही विचार केला पाहिजे. नळ्या दोन प्रकारे पुरता येतात: पाच-सहा फुटांच्या चरांत आडव्या, किंवा बोअरच्या भोकात उभ्या. आडवा चर स्वस्त. पण प्रवराकाठची काळी जमीन उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग म्हणजे हवा, आणि हवेतून उष्णता वाहत नाही. ज्या महिन्यात नळीला मातीचा घट्ट स्पर्श हवा त्याच महिन्यात माती नळीला सोडून देणार. शिवाय एवढ्या उथळ थरात उन्हाळ्याची धग पोचतेच. म्हणून येथे मार्ग उभ्या भोकाचा, खालच्या काळ्या बेसाल्टातला. यातही एक गंमत आहे. ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा उष्णता कितीतरी चांगली वाहून नेते. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्याने प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस आणला आणि त्याच्याबरोबर चिबड जमिनीही आणल्या. शेतकरी ज्या पाणथळ रानाला कपाळाला हात लावतो, ते रान उष्णता-पंपाच्या दृष्टीने उत्तम. आणि कालव्यापासून दूर, जेथे तीन-तीन बोअर कोरडे गेले, तेथे हा पंपही रडतखडत चालणार. निसर्गाचे दान येथेही सिंचनासारखेच विषम आहे.

आता खिशाचा हिशेब. पुढचे आकडे केवळ विचाराला आधार म्हणून घेतलेले आहेत. ज्याला हवे त्याने आपल्या गावचे दर घालून बेरीज पुन्हा करावी. समजा, कोल्हारमधल्या एका शिक्षकाच्या घरात दीड टनाचे थंड हवेचे यंत्र शंभर दिवस, रोज आठ तास चालते. त्याला हंगामात साडेसातशे ते आठशे युनिटे लागतील. तेच काम जमिनीशी जोडलेल्या पंपाने साडेपाचशेच्या आसपास युनिटांत होईल. वाचली सव्वादोनशे युनिटे. महावितरणचे दर वापराबरोबर टप्प्याटप्प्याने चढत जातात, म्हणून वाचणारे युनिट हे वरच्या, महाग टप्प्यातले असते. ते अकरा रुपयांचे धरले तर वर्षाची बचत होते अडीच हजार रुपये. या बचतीसाठी खडकात एकूण सव्वाचारशे फुटांची भोके पाडावी लागतील. खोदाई, नळी आणि नळीभोवतीचे भरण मिळून लाख रुपये धरले, तर आठ टक्क्यांनी त्याचे नुसते व्याज आठ हजार होते. मुद्दल बाजूलाच. व्याजाचा तिसरा हिस्सादेखील ज्या बचतीतून सुटत नाही, तिला बचत म्हणणे धाडसाचे आहे.

अर्थशास्त्रात प्रत्येक रुपयाला आणखी एक प्रश्न विचारला जातो: हा रुपया दुसरीकडे घातला असता तर त्याने काय दिले असते? फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्य घर योजनेत तीन किलोवॉटच्या छतावरील सौर संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि असा संच आपल्या उन्हात वर्षाला चार हजार युनिटांच्या आसपास वीज देतो. जमिनीतल्या लाख रुपयांनी सव्वादोनशे युनिटे वाचतात. छपरावरचे लाख रुपये त्याच्या पंधरा-सोळा पट युनिटे मिळवून देतात. मग शिक्षकाने भोक कशाला पाडावे? शिवाय आपला साधा पाण्याचा कूलर आहेच. मृग लागेपर्यंत कोल्हारची हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्यांमागचा पंखा पुष्कळ काम भागवतो. पावसाळी दमटपणात तो निरुपयोगी ठरतो हे खरे. पण तोवर उन्हाळाच सरलेला असतो.

या हिशेबातून निघणारा निष्कर्ष उत्साही मंडळींना रुचणार नाही: कोल्हारच्या एकट्यादुकट्या कुटुंबाने उष्णता-पंपाच्या नादी लागू नये. परंतु यावरून पायाखालचा गारवा निरुपयोगी आहे असे ठरत नाही. तो फुकट वापरण्याची विद्या या जिल्ह्याला होतीच. सोळाव्या शतकातील निजामशाहीने अहमदनगरजवळ फराहबाग बांधली ती तलावाच्या मधोमध. पाणी आणि जाड भिंती यांनी महालात उन्हाळा अडवला. राजवाडे सोडा, पण धाब्याच्या घराची दोन-अडीच फुटी मातीची भिंत आणि लाकडी खणांवरची पांढऱ्या मातीची जाड थरांची धाबी हेच करीत. दुपारचे ऊन भिंतीच्या आत पोचेपर्यंत रात्र होई, आणि रात्री घरातली माणसे अंगणात निजलेली असत. धान्याचे पेव जमिनीत खणले जाई, तेही याच स्थिर तपमानाच्या भरवशावर. धाबे गळत असे, दर वर्षी माती चढवावी लागे, वाळवी लागे. म्हणून माणसांनी स्लॅब घातला तर त्यांना दोष देता येत नाही. मात्र चार-पाच इंचांच्या उघड्या स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली राहावयाचे आणि मग ती चूक यंत्राने दुरुस्त करावयाची, हा व्यवहार महागात पडतो. छतावर चुन्याचा पांढरा हात, पश्चिमेच्या भिंतीला सावली, पत्र्याखाली पाचटाचा थर, यांवरचा शे-पाचशे ते काही हजारांचा खर्च कोणत्याही पंपापेक्षा आधीचा आहे. ज्या शेतमजुराच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी भांडेही हाताला चटका देते, त्याला तर विजेच्या यंत्रांची ही सारी चर्चा गैरलागूच वाटेल.

मग पंपाची जागा कोणती? जेथे गाळपाचे दिवस भरपूर आहेत ती. रुग्णालयाचा वॉर्ड, शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी, वसतिगृह, दूध शीतकरण केंद्र. अशा ठिकाणी थंडावा शंभर दिवस आठ तास लागत नाही. वर्षभर, दिवसरात्र लागतो. तेच भोक, तोच लाख रुपया, पण वापर आठशे तासांऐवजी सहा हजार तास. वरच्याच हिशेबाने बचत अडीच हजारांवरून एकोणीस हजारांच्या घरात जाते आणि व्याज भागून मुद्दलही फिटू लागते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या संस्थांना थंडाव्याबरोबर गरम पाणीही रोज हवे असते: रुग्णांच्या स्नानाला, चादरी धुवायला, वसतिगृहातल्या दोनशे मुलांना, दुधाच्या टाक्या धुवायला. एका बाजूची उपसलेली उष्णता दुसऱ्या बाजूला पाणी तापवण्याच्या कामी आली, तर ती जमिनीत टाकावीच लागत नाही. खात्यातील नुसत्या जमेची जी अडचण वर सांगितली, तिचा हा उलगडा. भोके कमी लागतात, जमीन तापत नाही, आणि गिझरचे बिलही वाचते. दूध शीतकरण केंद्रात तर एकच यंत्र एकाच वेळी दूध गार करील आणि धुण्याचे पाणी तापवील. आज बहुतेक ठिकाणी एक यंत्र दुधातली उष्णता अंगणात फेकत असते आणि शेजारच्या खोलीत दुसरे यंत्र पाणी तापवण्यासाठी वीज जाळत असते. दोघांची गाठ घालून द्यावी, असे कोणाच्या मनात येत नाही, कारण दोन्ही बिले निरनिराळ्या फायलींत असतात.

यंत्राचीही गरज नसलेला एक सोपा प्रकार हरियाणात गुरुग्रामजवळच्या ग्वालपहाडी येथे टेरी या संस्थेने आपल्या प्रशिक्षण संकुलात केला आहे. तेथे जमिनीखाली सुमारे चार मीटरांवर भुयारी नळ घालून त्यांतून हवा खेचली जाते आणि निवासाच्या खोल्यांत सोडली जाते. पंख्यापुरती वीज लागते. शाळा किंवा ग्रंथालय नव्याने बांधले जात असेल, पाया खणलेलाच असेल, तर असे नळ टाकण्याचा जादा खर्च मर्यादित राहतो. बांधून झालेल्या इमारतीत मात्र हा प्रयोग करू नये. आणि पावसाळ्यात नळांत ओल धरून बुरशी येते, तिचा बंदोबस्त आधी करावा.

बंद पडलेल्या बोअरांचे काय, असेही विचारले जाईल. कोरड्या गेलेल्या बोअरवर शेतकऱ्याचे हजारो रुपये बुडालेले असतात आणि तोंड उघडे राहिल्यास लहान मुलांच्या जिवाला धोका असतो. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी दंडक घालून द्यावे लागले. अशा भोकात नळी सोडून ते भरून टाकले तर खोदाई वाचेल, ही कल्पना मोहक आहे. पण भोक रानात असते आणि वॉर्ड गावात. पाव मैलभर नळ टाकण्यापेक्षा नवे भोक स्वस्त पडेल. इमारतीच्या आवारातच असे बोअर असेल तेवढ्यापुरताच या कल्पनेला अर्थ आहे. नवी भोके घेतानाही ती साठ मीटरांच्या आत ठेवणे श्रेयस्कर, कारण शेती व उद्योगासाठी त्याहून खोल विहिरी घेण्यास २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने मनाई केली आहे, आणि नळी टाकण्याचे भोक व पाण्याचे भोक यांतला भेद तलाठ्याला समजावीत बसण्यात हशील नाही.

भांडवल कोणी घालावयाचे, हा प्रश्न उरतो. शेजारच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा एकट्या शेतकऱ्याला न झेपणारे भांडवल अनेकांच्या भागांतून उभे राहू शकते हे सिद्ध झाले. त्या परंपरेचे नाव घेऊन हल्ली वाटेल त्या गोष्टीचे समर्थन केले जाते, तसे येथे करावयाचे नाही. गाडगीळांसारखा माणूस आधी आकडे मागत असे, एवढेच स्मरण पुरे. शासनाच्या धोरणात उष्णता-पंपांचा उल्लेख असला तरी अनुदानाची रीत अशी, की ती घराघरांत यंत्रे वाटण्याकडे झुकते. फोटोही त्याचेच निघतात. कोल्हारसारख्या गावात ते अनुदान घरांकडे वळले तर ते सुस्थितीतल्या शे-दोनशे कुटुंबांच्या अंगणात पुरले जाईल. रुग्णालयाच्या वॉर्डाकडे वळले तर पत्र्याखालच्या मजुराला, निदान तापाने फणफणलेल्या दिवशी, त्याचा गारवा मिळेल.

परंतु त्याआधी मोजणी हवी, आणि ती महाग नाही. नळी टाकलेल्या एका भोकातून ठराविक उष्णतेचे पाणी दोन-तीन दिवस सतत फिरवायचे आणि त्याचे तपमान कसे चढते ते टिपून ठेवायचे. त्यावरून तो खडक किती उष्णता पचवू शकतो हे कळते. परदेशांत मोठ्या कामाआधी ही चाचणी घेतल्याखेरीज खोदाई करीत नाहीत. लोणीचे अभियांत्रिकी महाविद्यालय कोल्हारपासून हाकेच्या अंतरावर आहे, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठही दूर नाही. एक भोक कालव्याखालच्या ओल्या रानात आणि एक वरच्या कोरड्या माळावर घेऊन दोन्हींची चाचणी केली, तर साऱ्या प्रवरा खोऱ्याला उपयोगी पडणारा आकडा एका उन्हाळ्यात हाती येईल. पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी दर साल प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. आणि तोवर कोल्हारच्या शाळांतील विज्ञानाच्या शिक्षकांना एक गोष्ट बिनखर्चात करता येईल: पाच-सहा विहिरींत दर पौर्णिमेला दोरीने थर्मामीटर सोडून तळाचे तपमान वहीत लिहून ठेवायचे.